तुमच्या कागदावर घाट कुठी हाय?

“ताई, माझं वय ३१. मराठीत एम.ए. केलंय. नागपुरात धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात सहा वर्षांपासून बिलिंग आणि इन्शुरन्स डेस्कवर आहे, पगार १८,५००. माहेर काटोलकडचं, वडिलांची कापूस-संत्र्याची शेती. मुलगी चार वर्षांची. आमच्या अकाउंटंटच्या भाच्याने डेटा अ‍ॅनालिटिक्स केलं आणि तो पुण्यात लागला, तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. बर्डीतल्या एका क्लासमध्ये चौकशी करून आले. सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट, शंभर टक्के प्लेसमेंट. फी ८५,००० अधिक जीएसटी, हप्त्यांची सोय आहे. शनिवारपर्यंत नाव नोंदवलं तर लॅपटॉपची बॅग फुकट. नवरा म्हणतो, आता एआय आलंय, हे शिकून काय उपयोग. मला दहावीला गणितात ५२ होते. मी मूर्खपणा करतेय का? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.
— अ., मानेवाडा”

अगं अ.,

बॅग फुकट, तिच्यात ठेवायचा लॅपटॉप मात्र आपला आपण आणायचा! तुझं पत्र वाचताना मी इथेच थांबले आणि पोटभर हसले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. तू मूर्खपणा करत नाहीयेस. पण शनिवारी त्या क्लासचा जिना चढून सही करून आलीस, तर करशील.

एक कागद घे. ८५,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १५,३००. झाले १,००,३००. बारा हप्ते पाडले तर महिन्याला ८,३५८, तेही व्याज नाही असं धरून. तुझ्या १८,५०० मधून ते गेले की उरतात १०,१४२. त्यात पोरीची शाळा, गाडीचं पेट्रोल, किराणा. आणि या सोयीच्या हप्त्यातली मेख अशी, की क्लासला पैसे तू देतच नाहीस. एक फायनान्स कंपनी तुझ्या नावाने त्यांना एकरकमी देऊन मोकळी होते आणि तू त्या कंपनीची कर्जदार होतेस. शिकवणारा बदलला, तुला जमेनासं झालं, उद्या क्लासलाच कुलूप लागलं, तरी हप्ता चालूच. तो थकला की सिबिल खराब, आणि पुढे कधी घराच्या कर्जाला बँकेत गेलात की ते नेमकं वर येतं.

शंभर टक्के प्लेसमेंटचं म्हणशील, तर त्यांना एवढंच विचार की हे शंभर टक्के कशाचे? मागच्या बॅचला किती जणांनी पैसे भरले, किती जणांनी कोर्स पूर्ण केला, त्यातल्या किती जणांना त्यांनी ‘पात्र’ ठरवलं आणि शेवटी किती जण लागले, कुठे आणि किती पगारावर? छेदात फक्त ‘पात्र’ ठरवलेले पाच घेतले आणि ते पाचही कुठेतरी फोनवर लोन विकायला बसले, तरी टक्के शंभरच भरतात. हे सगळं लेखी मागून बघ. आवाज किती मऊ होतो ते ऐकण्यासारखं असतं.

आता मी हे कुठल्या अधिकाराने सांगतेय ते ऐक. मी काही कॉम्प्युटरवाली नव्हे. राज्यशास्त्रात बी.ए. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत गाड्यांच्या नोंदी ठेवायला लागले. तिथे एक कॉम्प्युटर होता, तो कोणी वापरत नव्हतं म्हणून माझ्या वाट्याला आला. एक्सेल शिकले आणि अंगात आलं. साहेबांना संशय होता की ड्रायव्हर डिझेल विकतात. मी वीस-बावीस गाड्यांचे किलोमीटर घेतले, लिटरने भागले, उतरत्या क्रमाने लावले आणि खालच्या तीन ओळी लाल केल्या. माझं मलाच कौतुक वाटलं.

सगळ्यात खालची गाडी एका वयस्क ड्रायव्हरची होती. साहेबांनी सगळ्यांदेखत तो कागद त्याच्यापुढे टाकला. त्याने कागद हातात घेतला, मागून-पुढून पाहिला आणि साहेबांशी न बोलता मला विचारलं, “मॅडम, तुमच्या ह्या कागदावर घाट कुठी हाय?”

तो छिंदवाड्याच्या लाइनवर होता. सिमेंट भरून घाट चढायचा. बाकीच्या गाड्या वर्धा-अमरावतीच्या सपाट रस्त्याने पळायच्या. किलोमीटर खरे, लिटर खरे, भागाकार बरोबर, आणि निघालेला अर्थ साफ खोटा. मी एक रकाना वाढवला, ‘रूट’. घाटाच्या गाड्या वेगळ्या काढल्या तर त्यांत हाच माणूस सगळ्यात कमी डिझेल जाळणारा निघाला. मी त्याची माफी मागितली. साहेबांनी नाही मागितली.

पुढे वीसेक वर्षं मी हेच काम केलं. आधी गाड्यांचं, मग गोदामाचं, मग एका कारखान्याच्या खरेदीचं. सॉफ्टवेअरं बदलत गेली, पण घाटाचा रकाना कुठल्याच सॉफ्टवेअरने आपणहून मला दिला नाही.

तुझ्याकडे सहा वर्षांचा घाट आहे, आणि तू पत्रात तो एका ओळीत उरकलास! तुझ्या डेस्कवर काय काय होतं ते मला थोडंफार माहीत आहे. प्री-ऑथ, म्हणजे कॅशलेस उपचारांच्या मंजुरीची मागणी, पाठवली की उलट क्वेरी येते. डिस्चार्ज समरीत निदान एक लिहिलेलं असतं आणि औषधं दुसऱ्याच आजाराची साक्ष देतात. रूम रेंटची मर्यादा ओलांडली म्हणून बाकीच्या बिलातूनही त्याच प्रमाणात कापतात. हातमोजे नॉन-पेएबलमध्ये, म्हणजे विमा देत नाही त्या खर्चात, जातात आणि त्या रकमेवरून नातेवाईक तुझ्याशी भांडतात. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थाकडून, पैसे येताना १० टक्के टीडीएस कापून येतो, म्हणून बँकेत जमा झालेला आकडा मंजुरीच्या आकड्याशी जुळत नाही. हे तुला झोपेतसुद्धा माहीत असणार. अकाउंटंटच्या भाच्याला तुमच्या हॉस्पिटलचा डेटा दिला, तर तो या दहा टक्क्यांना ‘कमी वसुली’ म्हणून लाल रंग देईल. जसा मी दिला होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: हॉस्पिटल सोडून डेटाकडे जाऊ नकोस, हॉस्पिटलच्या वाटेनेच डेटाकडे जा.

सुरुवात कुठून करायची तेही सांगते. मे २०२४ मध्ये विमा क्षेत्राचं नियमन करणाऱ्या आयआरडीएआयने आरोग्य विम्यासाठी मास्टर सर्क्युलर काढलं, तुमच्या डेस्कवर त्याची चर्चा झालीच असेल. कॅशलेसच्या मागणीवर विमा कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा. डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलकडून मागणी आली की तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. उशीर झाला आणि त्यापायी हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले, तर ते विमा कंपनीने सोसायचे. आता मला सांग, तुमच्याकडे तीन तासांच्या आत किती फाइली निघतात? आणि उशीर होतो तो नेमका कुठे होतो? नातेवाईकांना तू सांगतेस की टीपीएकडून अप्रूव्हल आलं नाही. पण ते बिल टीपीएकडे गेलं कधी? डॉक्टरने राउंडला सकाळी दहाला डिस्चार्ज लिहिला, फार्मसीचा परतावा बारापर्यंत अडला, समरीवर सही व्हायला दोन वाजले, बिल गेलं अडीचला आणि मंजुरी आली चारला. म्हणजे टीपीएचा दीड तास आणि आपला साडेचार. असं असेल किंवा नसेलही. पण तुमच्या हॉस्पिटलात कोणी हे मोजलं नसावं, अशी मी पैज लावायला तयार आहे.

हे मोजायला गणित किती लागतं, तेही बघू. समजा सात फाइलींना लागलेले तास असे आहेत: २, २, २.५, ३, ३, ३.५ आणि ४०. ती चाळीस तासवाली फाइल रविवारी अडकलेली. बेरीज ५६, भागिले ७, सरासरी आठ तास. हा आकडा मीटिंगमध्ये सांगितलास तर टीपीएवाल्यावर सगळे तुटून पडतील. आता सगळे आकडे ओळीने लाव आणि मधला उचल. तो ३ आहे. शाळेत यालाच ‘मध्यक’ म्हणायचे. आठवलं? दहावीला ५२ मिळवलेस त्यात हाही असणार. तुझ्या कामाला टक्केवारी, गुणोत्तर, मध्यक आणि थोडी साशंक नजर एवढं पहिली दोन वर्षं पुरतं. क्लेम नाकारण्याचं प्रमाण ८ टक्क्यांवरून १२ वर गेलं, तर ते ‘चार टक्क्यांनी’ वाढलं म्हणायचं की ‘निम्म्याने’? दोन्ही म्हणता येतं, आणि कोण काय म्हणतो यावरून त्याला काय विकायचंय ते कळतं.

फाइली निवडताना एक सांभाळ. तुला आठवतात त्या सगळ्या भांडणाच्या फाइली. आठवणीतून घेऊ नकोस. महिन्याच्या यादीतली दर दहावी फाइल घे, कंटाळवाणी असली तरी. हे का, ते वडिलांना विचार. पैसेवारी, म्हणजे गावात पीक किती आलं त्याचा सरकारी आकडा, ५० च्या खाली लागली की सवलती, वर लागली की काही नाही. त्यामुळे तो आकडा ठरवायला पीक कापून मोजतात, तेव्हा शेतातला कुठला तुकडा निवडला यावरून गावात किती चर्चा होते, ते तू लहानपणी ऐकलं असशील. चांगला तुकडा निवडला की गाव कागदोपत्री सुखी. तुकडा कोणाच्या मर्जीने निवडायचा नाही, नमुना पद्धतीने ठरवायचा, या कामाला आपल्या देशात शास्त्राची बैठक देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे होते. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. कापसाच्या शेतातून आलेल्या मुलीला सॅम्पलिंग म्हणजे काय हे बर्डीत जाऊन शिकायची गरज नाही.

आणि मराठीचं एम.ए. तू दोन शब्दांत सांगून पुढे गेलीस, ते मला आवडलं नाही. मी तर म्हणते, तो तुझा हुकमी पत्ता आहे. ‘डिस्चार्जची वेळ’ म्हणजे कोणती वेळ? डॉक्टरने लिहिलं ती, बिल निघालं ती, की पेशंटने खाट सोडली ती? नर्सिंगवाले एक धरतात, अकाउंट्सवाले दुसरी धरतात आणि मग दोन रिपोर्ट जुळत नाहीत म्हणून तासभर मीटिंग होते. शब्दाचा अर्थ आधी ठरवून घ्यायचा, हे तू दोन वर्षं शिकलीस. रिमार्कच्या रकान्यात एकच कारण सात जणांनी सात तऱ्हेने लिहिलेलं असतं: ‘पेपर बाकी’, ‘डॉक्युमेंट पेंडिंग’, ‘रिपोर्ट नाही लावला’. ते वाचून त्यांचे पाच-सहा गट पाडणं हे भाषेचं काम आहे, आणि अ‍ॅनालिस्टचा निम्मा दिवस याच कामात जातो. जाहिरातीत हे कोणी दाखवत नाही. तिथे निळ्या स्क्रीनवर नुसते आलेख नाचत असतात.

आता शिकायचं काय.

एक्सेल तुला येतं असं तू समजतेस, कारण तुमच्याकडे सगळे एक्सेल वापरतात. पिव्होट टेबल, म्हणजे लांबलचक यादीचा गटवार गोषवारा, स्वतः बनवता येतं का? दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद शोधून आणणारं एक्सलुकअप किंवा व्हीलुकअप न चुकता लावता येतं का? एकाने ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल लिहिलं आणि मशीनने ४ मार्च धरलं, तर ते तुझ्या लक्षात येईल का? पॉवर क्वेरी म्हणून त्यातच एक भाग असतो. दर महिन्याची तीच ती साफसफाई एकदा शिकवून ठेवायची आणि पुढच्या महिन्यात नुसतं रिफ्रेश करायचं. हे दोन महिने नीट कर. एक्सेलला हलकं लेखणारे पुष्कळ भेटतील, आणि त्याच्यावर आंधळा विश्वास टाकणारेही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत कोविडचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून गळाले होते. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात, त्याच्या पलीकडचं गुपचूप कापलं गेलं. कोणी खोटं लिहिलं नव्हतं, फक्त वही भरल्याचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती मागायची भाषा. याला मात्र वेळ दे, तीन-चार महिने. त्यासाठीचं मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नाव ऐकून घाबरू नकोस, शे-दीडशे शब्दांची ती एक शिस्तीची भाषा आहे. तुला तर ती माझ्यापेक्षा लवकर यावी, कारण तू जुन्या ओव्या-आर्यांचे अन्वय लावलेले आहेत. एसक्यूएल लिहिताना ‘सिलेक्ट’ पहिल्यांदा लिहितात, पण मशीन आधी ‘फ्रॉम’ बघतं, मग ‘व्हेअर’, मग ‘ग्रुप बाय’, मग ‘हॅविंग’, आणि सिलेक्टकडे त्यानंतर वळतं. कवीने क्रियापद पहिल्या चरणात टाकलं आणि कर्ता चौथ्यात, तरी तू अर्थ लावायचीसच ना? तसंच. मला हा उलटा क्रम कळायला दोन महिने लागले होते आणि तोवर मी मशीनलाच शिव्या देत होते.

एसक्यूएलमध्ये ‘जॉइन’ येतो, म्हणजे दोन टेबलं एकमेकांना जोडणं. इथे नवशिक्याचा पाय हमखास घसरतो. एका टेबलात क्लेम आणि त्याची मंजूर रक्कम. दुसऱ्यात बिलाच्या ओळी: खाटभाडं, औषधं, तपासण्या. एका क्लेमच्या बिलात १४ ओळी असल्या आणि तू दोन्ही टेबलं जोडून मंजूर रकमेची बेरीज घेतलीस, तर ती रक्कम १४ वेळा मोजली जाते. हॉस्पिटल एका रात्रीत कोट्यधीश! मशीन चूक दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी काही चुकलेलंच नसतं.

इथेच तुझ्या नवऱ्याच्या मुद्द्यावर येते. तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये. एआय आज ही क्वेरी, म्हणजे एसक्यूएलमध्ये लिहिलेली मागणी, चार सेकंदांत लिहून देतं. नुसता डेटा इथून तिथे चिकटवून रोज तोच रिपोर्ट पाठवणाऱ्यांच्या नोकऱ्या कमी होणार, यात मला शंका नाही. पण ही चौदापट बेरीज तेही करून ठेवू शकतं, तीही मोठ्या आत्मविश्वासाने. आलेल्या आकड्याकडे बघून ‘हे आमच्या महिन्याच्या वसुलीहून जास्त कसं?’ असं म्हणायला तिथे तू लागशील. तेव्हा एआय वापर, खुशाल वापर, चुका समजावून घ्यायला त्याच्यासारखा न रागावणारा मास्तर नाही. फक्त पहिले तीन महिने क्वेरी स्वतःच्या हाताने लिही. पोहायला शिकताना ट्यूब कधी काढायची हे ज्याचं त्याला कळतं, पण काढावी लागते. नवऱ्याला माझा निरोप सांग, की एआयचं तू राहू दे, रोज रात्री नऊ ते दहा पोरीला झोपवायचं काम तुझं.

पॉवर बीआय, म्हणजे आलेख आणि रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर, शेवटी. महिन्याभरात कामापुरतं येतं, डेस्कटॉपवरची आवृत्ती फुकट आहे, फक्त विंडोजवरच चालते. त्यासाठी वीस-पंचवीस हजारांत ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप बघ. मोबाइलवर हे शिकता येत नाही, कोणी काहीही म्हणो. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला वर्षभर हात लावला नाहीस तरी चालेल. आणि ‘डेटा सायंटिस्ट’ हा शब्द तूर्त विसर. तो वेगळा व्यवसाय आहे, त्याला खरोखरचं गणित लागतं. सहा महिन्यांत तो होतो असं सांगणारा एक तर तुला फसवतोय किंवा स्वतःला. स्वयम् पोर्टलवर आयआयटीवाल्यांचे कोर्स आहेत, शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. पुढे दोन-तीन वर्षांनी भूक वाढली, तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम आहे, २०२० पासूनचा. त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते. पण ते पुढचं पुढे.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. पेशंटचा डेटा पेन ड्राइव्हवर घालून घरी आणायचा नाही. नाव पुसलं तरी आजार, वय, गाव आणि तारीख एवढ्यावरून माणूस ओळखू येतो, काटोलसारख्या ठिकाणी तर नक्कीच. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे, पण कायदा नसता तरी हे बरोबर नव्हतं. डिस्चार्जच्या वेळांचं काम वरिष्ठांना सांगून, त्यांची परवानगी घेऊन, हॉस्पिटलच्याच कॉम्प्युटरवर कर. बाहेर मुलाखतीत दाखवायला वेगळं काहीतरी लागेल. कळमना मार्केटचे संत्र्याचे भाव घे. एगमार्कनेट या साइटवर सरकार रोजची आवक आणि किमान, कमाल, मोडल असे भाव देतं. मोडल म्हणजे तुझा शाळेतला बहुलकच. अंबिया बहार आणि मृग बहार हे संत्र्याचे दोन हंगाम वेगळे काढ, कुठल्या आठवड्यात आवक वाढली की भाव किती पडतो ते बघ, आणि वडिलांना दाखव. ते तुझ्या आलेखात एखादा घाट दाखवतील. तो नेमका लिहून ठेव, मुलाखतीत तोच सांगायचा. आरोग्याचंच काही हवं असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची, २०१९-२१ ची, जिल्हावार आकडेवारी खुली आहे.

नोकरीचं गोड बोलून सांगणार नाही. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, परसोडीला आयटी पार्क आहे. त्या पाट्या बघून हुरळून जाऊ नकोस. नव्याने भरती होते तिथे इंजिनीअरिंगच्या बाविशीतल्या पोरांची रांग असते आणि तू त्या रांगेत उभी राहिलीस तर तुझी सहा वर्षं शून्य धरली जातील. तुझी रांग वेगळी आहे. नोकरीच्या साइटवर ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ टाकायच्या आधी ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’ (म्हणजे कंपनीचे रिपोर्ट तयार करणारा) टाकून बघ, ‘क्लेम्स अ‍ॅनालिस्ट’ टाकून बघ, ‘रेव्हेन्यू सायकल’ टाकून बघ. मोठी हॉस्पिटलं, टीपीए, विमा कंपन्या, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची बिलं हाताळणाऱ्या कंपन्या. तिथे समोरचा माणूस तुला प्री-ऑथ म्हणजे काय हे समजावत बसणार नाही, तूच त्याला समजावशील. नागपुरात विदर्भाबरोबर मध्य प्रदेश-छत्तीसगडचे पेशंट येतात, धंतोली-रामदासपेठेत चालताना पाटीला पाटी लागते. या सगळ्यांकडे डेटा पडून आहे आणि तो वाचणारं माणूस क्वचितच.

पहिल्या बदलात पगार फार वाढेल असं धरून चालू नकोस. कदाचित तेवढाच राहील आणि खुर्ची बदलेल. दुसऱ्या बदलात फरक पडतो. पुण्याला जायचं की नाही हा डेटाचा प्रश्न नाही, तुमच्या घराचा आहे, त्यात मी पडत नाही. मी स्वतः गेले नाही आणि दोनदा पस्तावले. नंतर विसरले.

मुलाखतीत तुला दुसऱ्या क्रमांकाचा सर्वाधिक पगार काढायची क्वेरी विचारतील. का ते मला आजवर कळलेलं नाही, नोकरीत मला एकदाही कोणी दुसऱ्या क्रमांकाचा पगार मागितला नाही. पण विचारतात, तर पाठ करून जा. आणि बायोडेटात ‘बिलिंगचे काम पाहिले’ असं लिहू नकोस. महिन्याला किती फाइली हाताळतेस, किती टीपीएंशी संबंध येतो, डिस्चार्जच्या वेळेचं काम केल्यावर काय सापडलं, ते आकड्यांत लिही.

किती दिवस लागतील? रोज तासभर आणि रविवारी तीन तास धरले तर आठ-दहा महिने. दिवाळी, पोरीचा ताप, माहेरचं लग्न यात दोन महिने जातील, ते आधीच धर. नोकरी चालू ठेवून शिकायचं आहे, त्यामुळे उशीर झाला तरी डोक्यावर हप्ता नाही.

शनिवारी क्लासवाल्याचा फोन येईल. तो म्हणेल, मॅडम, एकच सीट उरलीय. त्याला म्हण, ती कोणा गरजूला द्या. आणि सोमवारी कामावर गेलीस की मागच्या महिन्याच्या यादीतली दर दहावी फाइल काढ. वरिष्ठांना विचारून, हं. प्रत्येकीपुढे घड्याळातल्या या चार वेळा लिही: डॉक्टरने डिस्चार्ज लिहिला ती, बिल टीपीएला गेलं ती, मंजुरी आली ती, आणि पेशंट निघाला ती. मध्यक काढ आणि मला कळव. टीपीएचे तास किती आणि तुमचे किती, याची मला खरंच उत्सुकता लागून राहिली आहे. टीपीएपेक्षा तुमचेच तास जास्त निघतील, अशीही माझी पैज, हरले तर बर्डीत तर्री पोहे माझ्याकडून.

— तुझी ताई